छिद्रपट्टीचा वारसा : संगणक आणि औद्योगिक गती-नियंत्रक यांच्यातील संवादाचा इतिहास

प्रस्तावना :

मिलिंग यंत्राचे टेबल ठरावीक बिंदूपर्यंत, ठरावीक वेगाने न्यावयाचे आणि नेमके तेथेच थांबवावयाचे, हे गती-नियंत्रकाचे मूळ काम होय. त्याला कोणता बिंदू आणि कोणता वेग हे सांगावे लागते. गेल्या सत्तर वर्षांत हे सांगण्याचे काम प्रामुख्याने संगणकाकडे आले. संगणक आणि नियंत्रक यांना केबलने जोडल्यानंतर दोन्हीकडे काही किमती सारख्या भराव्या लागतात. बॉड रेट किती, एका अक्षरात बिट सात की आठ, पॅरिटी सम की विषम, स्टॉप बिट एक की दोन, आणि 'थांब' व 'पुढे चल' हे कोणत्या खुणेने कळवावयाचे, हे त्यात ठरते. या किमती भरणाऱ्या तंत्रज्ञाला त्या केवळ रूढी वाटतात. पुस्तिकेत दिल्या आहेत म्हणून त्या भरल्या जातात.

या किमतींमागे इतिहास आहे आणि तो बहुतांशी कागदी छिद्रपट्टीचा इतिहास आहे. संगणकाला कारखान्यातील यंत्राशी बोलता आले ते छिद्रपट्टी-वाचकाचे सोंग घेऊन. छिद्रपट्टी नाहीशी झाली तरी सोंग उरले, कारण छिद्रपट्टीने एक अवघड प्रश्न सोडविला होता. संगणकाला उशीर झालेला चालतो. धातूत शिरलेल्या फिरत्या कटरला तो चालत नाही. वेळेची जबाबदारी दोघांपैकी कोणी वाहावयाची, या प्रश्नाची वेगवेगळ्या काळात दिली गेलेली उत्तरे प्रस्तुत लेखात पाहावयाची आहेत.

तोंडी सांगितलेले आकडे :

अमेरिकेतील मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स यांचा कारखाना होता. १९४० च्या दशकात तेथे हेलिकॉप्टरची पाती तयार होत. पात्याच्या छेदाचा आकार तपासण्यासाठी लागणाऱ्या साच्यांच्या वक्ररेषेवरील बिंदू पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी छिद्रित कार्डांवर चालणाऱ्या आयबीएमच्या गणनयंत्रावर काढले. आकडे मिळाले, पण ते मिलिंग यंत्रापर्यंत पोचवावयाचे कसे? यासाठी तीन माणसे लागली. एक जण कागदावरील आकडे मोठ्याने वाचत असे. दुसरा एका अक्षाच्या हँडलवर, तिसरा दुसऱ्या अक्षाच्या हँडलवर उभा असे. दोघांनी आपापले हँडल सांगितलेल्या अंकावर आणले की कटर खाली उतरवून छेद घेतला जाई आणि मग पुढील जोडी वाचली जाई.

या साध्या दृश्यात पुढील सर्व इतिहास बीजरूपाने आहे. वाचणारा मनुष्य हँडल फिरविणाऱ्यांचे काम पुरे होईपर्यंत थांबतो. आकडा नीट ऐकू आला नाही तर तो पुन्हा विचारला जातो. वेळेचे भान मात्र ऐकणाऱ्याकडे असते, वाचणाऱ्याकडे नाही. पुढे केबलमधून जे काही पाठविले गेले, ते या तिघांच्या व्यवहाराचेच विद्युत-रूप होते.

१९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने पार्सन्स यांना हे काम स्वयंचलित करण्याचे कंत्राट दिले. त्यातील नियंत्रणाचा भाग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेला आणि हळूहळू प्रकल्पाची सूत्रेही तिकडेच गेली. सप्टेंबर १९५२ मध्ये या प्रयोगशाळेत सिनसिनाटी कंपनीचे हायड्रोटेल मिलिंग यंत्र छिद्रपट्टीवरून चालवून दाखविण्यात आले. पट्टीवर प्रत्येक छेदाचा शेवटचा बिंदू आणि त्यासाठी लागणारा काळ नोंदलेला होता. मधले बिंदू काढून तिन्ही अक्षांना एकाच वेळी चालविण्याचे काम यंत्राशेजारी उभ्या केलेल्या, निर्वात नलिकांनी भरलेल्या नियंत्रकाचे होते. पुढे याच संस्थेतील व्हर्लविंड संगणकावर पट्ट्यांसाठीचे गणित होऊ लागले आणि १९५९ मध्ये डग्लस रॉस यांच्या गटाने एपीटी ही यंत्रकामाची आज्ञाभाषा जाहीररीत्या सादर केली. संगणक असा प्रथमपासून या कथेत आहे. पण तो यंत्रापासून दूर, वेगळ्या इमारतीत आहे. दोघांमध्ये कागदाचे भेंडोळे घेऊन जाणारा मनुष्य आहे.

त्या काळात दुसरीही एक वाट चोखाळली गेली. जिडिंग्ज अँड लुईस कंपनीच्या न्युमरिकॉर्ड पद्धतीत मधले सर्व बिंदू आधीच काढून ते चुंबकीय फितीवर संकेतांच्या रूपाने ध्वनिमुद्रणासारखे नोंदविले जात. यंत्राशेजारी मग फक्त फीत वाजविणारे उपकरण लागे. नियंत्रक स्वस्त झाला, परंतु कारागिराला फितीवर काय आहे हे डोळ्यांनी वाचता येईना, आणि एक आकडा बदलावयाचा तर सारी फीत नव्याने करावी लागे. छिद्रपट्टी टिकली आणि चुंबकीय फीत मागे पडली. शेवटचे बिंदू पाठवावयाचे आणि मधला मार्ग यंत्राने आखावयाचा, ही विभागणी त्याबरोबर रूढ झाली. तिचे महत्त्व पुढे दिसून येईल.

पट्टीची लिपी :

यंत्रोद्योगात रूढ झालेली पट्टी एक इंच रुंद होती. तिच्या रुंदीत आठ छिद्रांच्या जागा आणि लांबीत प्रत्येक इंचास दहा अक्षरे, असे तिचे माप होते. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने ठरविलेल्या आरएस-२४४ या लिपीत प्रत्येक अक्षराची छिद्रे विषम संख्येत असत. तीन हा आकडा एक आणि दोन या जागांच्या छिद्रांनी लिहिला जाई, पण ती छिद्रे दोनच होतात म्हणून पाचव्या जागी तिसरे छिद्र पाडले जाई. नंतर आलेल्या, ॲस्की संकेतावर आधारलेल्या आरएस-३५८ लिपीत याउलट छिद्रे सम संख्येत असत आणि भरतीचे छिद्र आठव्या जागी पडे. पॅरिटी या शब्दाचा कारखान्यातील मूळ अर्थ हा असा अगदी हाताला लागणारा आहे. तेलकट बोटांनी हाताळलेल्या पट्टीत एखादे छिद्र बुजले वा कागदाचा कण अडकून राहिला, तर छिद्रांची संख्या बिघडे आणि वाचक थांबे. या तपासणीवाचून चुकीचा आकडा सरळ कटरपर्यंत गेला असता.

याखेरीज एका ओळीतील अक्षरांची एकूण संख्या सम असावी, अशी दुसरी तपासणीही अनेक नियंत्रकांत होती. संख्या विषम भरत असेल तर कार्यक्रम लिहिणारा एक रिकामी जागा टाकून ती सम करी. पट्टीच्या आरंभी आणि शेवटी टक्केवारीचे चिन्ह असे. पट्टी मागे गुंडाळताना वाचकाने कोठे थांबावे, ते या चिन्हावरून कळे. पट्टी गेल्यानंतरही कार्यक्रमाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत हे चिन्ह लिहिले जात राहिले. नवशिक्या तंत्रज्ञाला त्याचा अर्थ क्वचितच सांगितला जातो.

वाचकाच्या मागची जोडणी :

१९६० च्या दशकाच्या अखेरीस एकाच मध्यवर्ती संगणकावरून अनेक यंत्रे चालविण्याचे प्रयत्न सुरू झाले. याला थेट संख्यात्मक नियंत्रण म्हणजे डीएनसी असे नाव मिळाले. ब्रिटनमध्ये मोलिन्स कंपनीने थिओ विल्यमसन यांच्या मार्गदर्शनाखाली 'सिस्टिम २४' ही योजना आखली. चोवीस तास चालणारा, संगणकाच्या देखरेखीखालील कारखाना ही त्यामागची कल्पना होती. ती पूर्णत्वास गेली नाही.

व्यवहारात जी युक्ती टिकली ती अधिक नम्र होती. कारखान्यांत आधीच बसविलेल्या नियंत्रकांना संगणक ठाऊक नव्हता. त्यांना छिद्रपट्टी-वाचक तेवढा ठाऊक होता. म्हणून वाचक आणि नियंत्रक यांना जोडणाऱ्या तारा मध्येच तोडून तेथे संगणकाची जोडणी घालण्यात आली. या जोडणीला 'वाचकाच्या मागची' जोडणी असेच म्हणत. नियंत्रकाने पुढचे अक्षर मागितले की संगणक ते तारांवर ठेवी. पलीकडे कागद नाही, हे नियंत्रकाला कधीच कळत नसे. संगणकाने सोंग घेतले म्हणतात ते याच अर्थाने.

यातील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. मध्यवर्ती संगणक बंद पडला तर जुना वाचक पुन्हा चालू करून काम पुढे नेता येई. सर्व अक्षांच्या हालचाली मध्यवर्ती संगणकानेच क्षणोक्षणी ठरवाव्यात, असा आग्रह जेथे धरला गेला तेथे एका बिघाडाने सारी यंत्रे उभी राहत. मायक्रोप्रोसेसर स्वस्त होताच १९७० च्या दशकात प्रत्येक यंत्रालाच स्वतःचा लहान संगणक मिळाला. नियंत्रक हाच संगणक झाला. तरीही बाहेरच्या संगणकाशी तो पट्टीच्याच भाषेत बोलत राहिला. नियंत्रकाची स्मृती विकतानाही तिचे माप पट्टीच्या मीटरमध्ये दिले जाई. ४० मीटर म्हणजे सुमारे १५,७५० अक्षरे, हा हिशेब ज्यांना ठाऊक नसे त्यांना जाहिरातीतील आकडे चमत्कारिक वाटत.

मोडेमसाठीचे मानक कारखान्यात :

संगणक आणि नियंत्रक यांना जोडण्यासाठी जी केबल रूढ झाली ती यासाठी निर्माण झालेली नव्हती. आरएस-२३२ हे मानक टर्मिनल आणि मोडेम यांच्या जोडणीसाठी होते. १९६९ मध्ये आलेली त्याची सी आवृत्ती सर्वत्र पसरली. त्यात एक बाजू टर्मिनलची आणि दुसरी मोडेमची असे गृहीत धरलेले आहे. संगणक आणि नियंत्रक हे दोघेही स्वतःला टर्मिनल समजतात. परिणामी दोघेही एकाच तारेवर बोलू लागतात आणि दुसऱ्या एकाच तारेवर ऐकू लागतात. म्हणून केबलमध्ये दोन आणि तीन क्रमांकांच्या पिनांच्या तारा उलटसुलट जोडाव्या लागतात. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकाबरोबर पंचवीस पिनांऐवजी नऊ पिनांचा जोड आला आणि त्यात या दोन पिनांची कामे परस्परांत बदलली. नऊचे टोक संगणकाला आणि पंचवीसचे टोक यंत्राला असेल, तर दोन क्रमांकाची तार दोन क्रमांकालाच जाते. या गोंधळात किती कामाचे तास गेले असतील, याची गणती कोणत्याही कारखान्याच्या हिशेबवहीत नाही.

मानकाची दुसरी मर्यादा विद्युतीय होती. उणे आणि अधिक व्होल्टता एका सामायिक ग्राउंडच्या तारेच्या तुलनेत मोजली जाते. केबलची लांबी पन्नास फुटांच्या म्हणजे सुमारे पंधरा मीटरच्या आसपास असावी अशी शिफारस होती. कार्यालयातील संगणकाचे अर्थिंग आणि यंत्राचे अर्थिंग यांत फरक असेल, शेजारी वेल्डिंग चालू असेल, तर केबलमधून नको तो प्रवाह वाहतो. अक्षरे बिघडतात आणि प्रसंगी दोन्हीकडच्या चिप निकामी होतात. भोसरी, सातपूर किंवा शिरोली येथील औद्योगिक वसाहतींत, जेथे एकाच शेडमध्ये प्रेस, वेल्डिंग आणि सीएनसी यंत्र दाटीने मांडलेले असते, तेथे अर्थिंगचा प्रश्न पुस्तकी राहत नाही. यंत्र आणि संगणक दोन्ही बंद करूनच केबल लावावी, हा दंडक याच कारणाने पडला.

आता किमतींकडे वळावयाचे. या संवादात दोन्ही बाजूंना सामायिक घड्याळ नाही. प्रत्येक अक्षराच्या आधी एक स्टार्ट बिट येतो आणि ऐकणारा त्या क्षणी आपले घड्याळ जुळवितो. मग ठरलेल्या अंतराने एकेक बिट वाचतो. बॉड रेट सारखा ठेवावयाचा तो या अंतरासाठी. शेवटी येणारा स्टॉप बिट हा विसावा असतो. १९६३ मध्ये आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्राला एका अक्षरानंतर आपले लोखंडी भाग जाग्यावर आणण्यासाठी दोन बिटांइतका विसावा लागे. त्याचा वेग ११० बॉड होता. अकरा बिटांचे एक अक्षर, म्हणून सेकंदाला दहा अक्षरे. या टेलिटाइपला छिद्रपट्टी पाडण्याची आणि वाचण्याची सोय होती आणि तिचे चार नियंत्रण-संकेत होते : वाचक चालू, छिद्रक चालू, वाचक बंद, छिद्रक बंद. डीसी-१ ते डीसी-४ हे ते संकेत होत.

फॅनुकच्या अनेक मालिकांतील नियंत्रकांत हा सारा संसार जसाच्या तसा आढळतो. त्यांचा नेहमीचा पाठ सात बिट, सम पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट असा आहे. अक्षरे हवी असली की नियंत्रक डीसी-१ पाठवितो, पुरे झाली की डीसी-३. आपला कार्यक्रम बाहेर पाठविताना तो आधी डीसी-२ आणि शेवटी डीसी-४ पाठवितो; म्हणजे समोरच्या, अस्तित्वात नसलेल्या छिद्रकाला चालू आणि बंद करतो. ज्या कळीने कार्यक्रम बाहेर पाठवावयाचा तिच्यावर 'पंच' असेच लिहिलेले असते. कोणत्या मार्गाने बोलावयाचे ते २० क्रमांकाच्या पॅरामीटरमध्ये ठरते आणि वेग १०३ क्रमांकाच्या. तेथे १० म्हणजे ४८००, ११ म्हणजे ९६०० आणि १२ म्हणजे १९२०० बॉड.

या किमतींत एक चूक झाली तर काय घडते, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. नियंत्रक सात बिट आणि सम पॅरिटीने पाठवीत आहे आणि संगणकावर मात्र आठ बिट, पॅरिटी नाही, अशी मांडणी आहे. पॅरिटीचा बिट मग अक्षराचाच आठवा बिट समजला जातो. ०, ३, ५, ६ आणि ९ या आकड्यांच्या संकेतात एकांची संख्या मुळातच सम असल्याने ते बरोबर उमटतात. १, २, ४, ७ आणि ८ यांच्या जागी विचित्र चिन्हे येतात. पडद्यावर अर्धा कार्यक्रम शुद्ध आणि अर्धा भ्रष्ट दिसतो. केबल सदोष आहे असा समज होऊन ती बदलली जाते आणि दोष तसाच राहतो.

दहा अक्षरांची मुदत :

छिद्रपट्टी-वाचकाला थांब म्हटले की तो थांबत असे. फार तर एखादे-दुसरे अक्षर पुढे जाई. नियंत्रकाची रचना याच भरवशावर झाली होती. फॅनुक नियंत्रकांत डीसी-३ पाठविल्यानंतर आणखी दहा अक्षरे येऊनही ओघ थांबला नाही, तर ८७ क्रमांकाचा अलार्म येतो. दहा अक्षरांची ही मुदत यांत्रिक वाचकाला भरपूर होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्यक्तिगत संगणकांत १६५५० ही नवी सीरियल चिप आली. तीत सोळा अक्षरांची रांग होती, हेतू असा की संगणकाला दुसरी कामे करण्यास उसंत मिळावी. 'थांब' ही खूण कळण्यापूर्वीच ही रांग भरलेली असे आणि ती रिकामी होईपर्यंत अक्षरे जातच राहत. सोळा हा आकडा दहापेक्षा मोठा आहे, एवढ्याच कारणाने नवा, वेगवान संगणक जुन्यापेक्षा वाईट ठरे. उपाय असा की संगणकाच्या मांडणीत जाऊन ही रांग बंद करावयाची किंवा आखूड करावयाची. प्रगत साधनाला मुद्दाम मागास करावे लागण्याचे हे एकमेव उदाहरण नव्हे, पण बोलके आहे.

उशिराचा प्रश्न साच्यांच्या कामात सर्वाधिक तीव्र झाला. डायच्या वक्र पृष्ठभागाचा कार्यक्रम लाखो अक्षरांचा असे आणि नियंत्रकाच्या स्मृतीत मावत नसे. तेव्हा संगणकाने तो थोडाथोडा पाठवीत राहावयाचे आणि यंत्राने तो चालवीत राहावयाचे, ही पद्धत पडली. ९६०० बॉडने, अकरा बिटांच्या अक्षरांत, सेकंदाला सुमारे ८७० अक्षरे जातात. एक ओळ पंचवीस अक्षरांची धरली तर सुमारे पस्तीस ओळी झाल्या. वक्ररेषा गुळगुळीत यावी म्हणून प्रत्येक ओळीत कटर एक दशांश मिलिमीटरच सरकवावयाचा असेल, तर मिनिटाला २१० मिलिमीटर एवढाच वेग मिळतो. कटर याच्या कितीतरी पट वेगाने चालविता आला असता. परंतु आज्ञा पोचत नाहीत म्हणून यंत्र क्षणभर थबकते, पुन्हा चालते, पुन्हा थबकते. प्रत्येक थबकण्याची खूण पोलादावर उमटते आणि ती पॉलिश करणाऱ्याला हाताने घालवावी लागते. केबलमधील उशीर असा कामगाराच्या बोटांपर्यंत जाऊन पोचतो.

आकडा कोणाच्या हाती :

डेव्हिड नोबल या अमेरिकी इतिहासकाराने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात संख्यात्मक नियंत्रणाचा एक वेगळा अर्थ लावला. कुशल कारागिराने एकदा काम करून दाखवावयाचे, त्याच्या हालचाली नोंदवावयाच्या आणि यंत्राने त्या पुन्हा करावयाच्या, अशी पद्धत उपलब्ध होती. तिला डावलून कार्यालयात लिहिलेल्या पट्टीची पद्धत निवडली गेली, कारण व्यवस्थापनाला कामावरील ताबा कारागिराच्या हातून काढून घ्यावयाचा होता, असे त्याचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन अर्धे मान्य करावे लागते. विमानाच्या भागांचे आकार गणितातूनच येत होते आणि ते हाताने एकदाही करून दाखविणे कठीण होते. पार्सन्स यांच्याकडील तीन माणसांना आकडे वाचावे लागले ते याच कारणाने. मात्र पट्टीने कारागिराला वाचकाचे बटण दाबणारा करून सोडले, हे खरेच आहे. छिद्र एकदा पडले की ते बुजविता येत नाही. स्मृती असलेला नियंत्रक आल्यावर स्थिती उलटली. आता ऑपरेटर यंत्रासमोर उभा राहून कार्यक्रमातील आकडा बदलू शकतो. कटर थरथरतो आहे असे कानाला जाणवले की तो वेग कमी करतो. फिक्स्चरला कटर लागेल असे दिसले की वाट बदलतो. मग कार्यालयातील प्रत खरी की यंत्रातील? 'पंच' कळ महत्त्वाची झाली ती येथे. सुधारलेला कार्यक्रम तिने परत संगणकाकडे गेला नाही, तर पुढच्या खेपेला जुनीच चूक नव्याने उतरविली जाते आणि जॉब बाद होतो. केबलची दुसरी दिशा, यंत्राकडून संगणकाकडे जाणारी, बहुतेक कारखान्यांत दुर्लक्षित राहिली. कारागिराचे ज्ञान नोंदवून घेण्याची जी सोय नोबलला हवी होती, ती अशी आडवाटेने उपलब्ध झाली होती आणि तरीही वापराविना पडून होती.

मोडबस आणि मौनाची भाषा :

यंत्रोपकरणांच्या बाहेर, पॅकिंग यंत्रे, छपाई यंत्रे, उचल यंत्रणा यांच्यासाठी गती-नियंत्रकांची वेगळी शाखा विकसित झाली. कॅलिफोर्नियात जेकब ताल आणि वेन बॅरन यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या गॅलिल कंपनीच्या नियंत्रकांना दोन अक्षरांच्या आज्ञा समजत. आज्ञा पटली तर नियंत्रक अपूर्णविराम परत पाठवी, न पटली तर प्रश्नचिन्ह. येथे पट्टीचे सोंग सुटले आणि प्रश्नोत्तर आले.

दुसरी रीत मोडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये आणली, ती मोडबस. तिच्या आरटीयू प्रकारात संदेश कोठे संपला हे कोणत्याही अक्षराने सांगितले जात नाही. साडेतीन अक्षरांइतका काळ शांतता राहिली की संदेश संपला असे समजावयाचे. ९६०० बॉडला हा काळ सुमारे चार मिलिसेकंद होतो. पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट ठेवावेत, हा नियम अक्षराची लांबी अकरा बिटच राहावी म्हणून आहे. मौनाला अर्थ देणारी ही भाषा लहान नियंत्रकांना सोपी गेली, पण विंडोज चालविणाऱ्या संगणकाला अवघड गेली. त्याला एकाच वेळी अनेक कामे असतात आणि चार मिलिसेकंदांची उसंत त्याच्याकडून नकळत घेतली जाते. नंतर सीरियल जोड संगणकांवरून नाहीसे झाले आणि यूएसबीचे परिवर्तक आले. त्यांतील एका लोकप्रिय चिपचा चालक आलेली अक्षरे नेहमीच्या मांडणीत सोळा मिलिसेकंदांपर्यंत राखून ठेवतो. उत्तर वेळेत आले नाही अशी तक्रार संगणक करतो, तेव्हा उत्तर पुष्कळदा त्याच्याच दारात थांबलेले असते.

या सर्व रीतींत आणखी एक उणीव होती. पॅरिटी असो की मोडबसची सीआरसी बेरीज, ती अपघाताने बिघडलेले अक्षर ओळखते. मुद्दाम पाठविलेले खोटे अक्षर ओळखत नाही. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक कार्यक्रमाने हे दाखवून दिले. तो सीमेन्सच्या स्टेप-७ या प्रणालीतील, संगणक व नियंत्रक यांच्यामधला दुवा असलेली फाईल बदलून तेथे आपली फाईल ठेवी. तंत्रज्ञाने नियंत्रकातील कार्यक्रम मागविला तर त्यातील घुसडलेला भाग त्याला दिसत नसे, आणि मोटारींचा वेग ठरविणाऱ्या परिवर्तकांना मात्र वेगळ्याच आज्ञा जात. चाळीस वर्षांपूर्वी संगणकाने वाचकाच्या मागे बसून नियंत्रकाला फसविले होते ते कामाच्या सोयीसाठी. येथे तीच जागा धरून माणसाला फसविले गेले.

सामायिक घड्याळ :

वेळेच्या प्रश्नाचे वेगळे उत्तर युरोपातून आले. १९८० च्या दशकात जर्मनीत आखलेल्या आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या सरकॉसमध्ये नियंत्रक आणि मोटारींचे ड्राइव्ह प्रकाशतंतूच्या वलयाने जोडलेले असतात आणि ठरावीक तालावर प्रत्येक अक्षाला त्याचे पुढचे स्थान कळविले जाते. बेकहॉफ कंपनीने २००३ मध्ये सादर केलेल्या इथरकॅटने हीच कल्पना साध्या इथरनेट केबलवर आणली. त्यात संदेश प्रत्येक ड्राइव्हमधून जातो आणि जाता जाता ड्राइव्ह आपला आकडा उचलून आपले उत्तर त्याच संदेशात ठेवतो. सर्व ड्राइव्हांची घड्याळे एका मायक्रोसेकंदाहून कमी फरकाने जुळविलेली असतात. चुंबकीय फितीची १९५० च्या दशकात मागे पडलेली वाट येथे पुन्हा उघडली : मधले बिंदू संगणकच काढतो आणि क्षणोक्षणी पाठवितो. मात्र त्यासाठी संगणकाला स्वतःचा स्वभाव बदलावा लागतो. ठरल्या वेळी उत्तर देणारी, वास्तव-काल कार्यप्रणाली त्यावर चालवावी लागते.

याच काळात अगदी उलट टोकाला जुनी रीत नव्याने जन्मली. २००९ मध्ये नॉर्वेत सुरू झालेला जीआरबीएल हा खुला कार्यक्रम लहानशा आर्डुइनो फलकावर चालतो आणि हौशी कारागिरांच्या हजारो यंत्रांत तो बसला. संगणक त्याला एकेक ओळ पाठवितो आणि तो प्रत्येक ओळीला 'ओके' म्हणतो. त्याच्याकडे आलेली अक्षरे ठेवण्यास १२८ अक्षरांचीच जागा आहे. वेग हवा असेल तर संगणकाने किती अक्षरे पाठविली आणि किती ओळींना 'ओके' आले याचा हिशेब स्वतः ठेवावयाचा आणि ती जागा भरलेली पण न सांडणारी राखावयाची. आकडे वाचणाऱ्या माणसाने हँडलवरच्यांकडे नजर ठेवावी, तसाच हा व्यवहार आहे.

दरम्यान जुनी यंत्रे मोडीत निघाली नाहीत. बेडचे ओतीव लोखंड आणि स्पिंडल चांगले असेल तर पंचवीस-तीस वर्षांचे यंत्रही अचूक काम देते, आणि लहान उद्योजक असे यंत्र सोडत नाही. अशा यंत्राच्या मागे एक छोटी पेटी बसविलेली आढळते. एका बाजूने ती कारखान्याच्या इथरनेट जाळ्याला जोडलेली असते आणि दुसऱ्या बाजूने तिला पंचवीस पिनांची केबल असते. जाळ्यावरून आलेला कार्यक्रम ती साठवून ठेवते, नियंत्रकाकडून डीसी-१ येण्याची वाट पाहते आणि मग ४८०० बॉडने, सात बिट, सम पॅरिटी, दोन स्टॉप बिट अशा रीतीने, टक्केवारीच्या चिन्हापासून एकेक अक्षर सोडू लागते.